चौकटीबाहेर राहिलेले हात

एकच कथा पंचवीस वर्षांत तीनदा पडद्यावर आली. आईवडील कर्णबधिर, मुलगी ऐकणारी, तिचा गळा गोड, आणि त्या गळ्यामुळेच घर दुभंगायची वेळ. १९९६ मध्ये संजय लीला भन्साळींनी ती गोव्यात मांडली. ‘खामोशी : द म्युझिकल’मध्ये नाना पाटेकर आणि सीमा बिस्वास हे ब्रगँझा दांपत्य होते आणि मनीषा कोईराला त्यांची ॲनी. २०१४ मध्ये ‘ला फामिय बेलिए’ हा फ्रेंच चित्रपट आला, तिथले आईबाप शेतकरी. २०२१ मध्ये त्या फ्रेंच चित्रपटावरून अमेरिकेत ‘कोडा’ झाला, तिथलं कुटुंब मासेमारीवर जगणारं. फ्रेंच चित्रपटात आईबापांच्या भूमिका ऐकू येणाऱ्या कलावंतांनी केल्या आणि तिथल्या बधिर प्रेक्षकांनी त्यावर उघड टीका केली. ‘कोडा’त कुटुंबातले तिन्ही बधिर सदस्य बधिर कलावंतांनीच साकारले. पैसे लावणाऱ्यांना नावाजलेले, ऐकणारे चेहरे हवे होते; तसं झालं तर मी बाहेर पडते, असं आईची भूमिका करणाऱ्या मार्ली मॅटलिन यांनी सांगितलं आणि तो विषय तिथे मिटला. वडील झालेल्या ट्रॉय कोत्सर यांना ऑस्कर मिळालं, चित्रपटालाही.

आपल्याकडे यावर चर्चा होते ती एवढ्याच मुद्द्याची : बधिराची भूमिका बधिरानेच करावी की नाही? प्रश्न बरोबर आहे, पण तो दुसऱ्या क्रमांकाचा आहे. ‘कोडा’च्या श्रेयनामावलीत आणखी एक काम नोंदलेलं आहे, त्याकडे आपलं लक्ष जात नाही. सांकेतिक भाषेची सगळी जबाबदारी ॲलेक्झांड्रिया वेल्स आणि ॲन टोमासेट्टी या दोघींकडे होती, आणि दोघी स्वतः बधिर आहेत. इंग्रजी संहितेचं सांकेतिक भाषेत भाषांतर करणं, कोणतं पात्र कोणत्या ढंगात बोलेल ते ठरवणं, चित्रीकरण चालू असताना हात बरोबर बोलताहेत का ते पाहणं, हे त्यांचं काम. हिंदी सिनेमात हे पद आजही कोणाला आवश्यक वाटत नाही. याचं कारण पैसा किंवा कलावंतांची टंचाई नाही. आपण सांकेतिक भाषा अभिनयाच्या खात्यात टाकतो, संवादाच्या खात्यात नाही. संवाद म्हटला की तो कोणीतरी लिहितो, दुसरा तपासतो, तिसरा मुद्रित करतो, चौथा नीट ऐकू येतो ना ते पाहतो. अभिनय म्हटला की सगळं नटावर सोडून देता येतं, आणि पुरस्कारही त्यालाच.

या एका गैरसमजातून पुढचं सगळं बिघडतं. सुरुवात संकलनाच्या टेबलापासून करू, कारण सगळ्यात मोठं नुकसान तिथे होतं.

बोलक्या चित्रपटात चित्र आणि आवाज हे दोन सुटे धागे असतात. आई रागावून बोलत असते. तिचं वाक्य अर्ध्यावर असताना संकलक मुलाच्या चेहऱ्यावर जातो, आईचा आवाज मागे चालूच राहतो. ऐकणाऱ्याचा चेहरा दाखवायचा आणि बोलणाऱ्याचा आवाज त्यावर पसरायचा, ही संकलनातली रोजची सवय. सांकेतिक भाषेत दुसरा धागाच नसतो. आईच्या हातांवरून कॅमेरा हलला की वाक्य तिथेच तुटतं. बाकीचे शब्द मुलाच्या चेहऱ्यामागे ‘चालू’ राहत नाहीत, ते नाहीसे होतात. ऐकणाऱ्या प्रेक्षकाला खाली सबटायटल मिळतं म्हणून त्याला कळतही नाही की काही गळलं. बधिर प्रेक्षकासमोर मात्र नायक दर दुसऱ्या वाक्याला मध्येच गप्प होतो. चित्रीकरणाच्या वेळी संकेत अगदी अचूक असले, नट स्वतः बधिर असला, तरी संकलकाला भाषा येत नसेल तर पडद्यावर अर्धीमुर्धी वाक्यं उरतात. म्हणून फक्त नट बदलून भागत नाही.

उपाय अवघड नाही, पण तो चित्रीकरणाच्या आधी ठरवावा लागतो. बोलणारा आणि पाहणारा दोघेही एकाच चौकटीत बसतील असे शॉट घ्यायचे, म्हणजे प्रतिक्रियेसाठी तोडावं लागत नाही. प्रत्येक सांकेतिक वाक्याची सुरुवात आणि शेवट टाइमकोडसह, म्हणजे नेमकी फ्रेम सांगणाऱ्या वेळेच्या आकड्यासह, लिहून संकलकाला द्यायचा. तोडायचंच असेल तर कुठे चालेल, याच्या खुणा भाषा येणाऱ्या माणसाने करायच्या. आणि पिक्चर लॉक होण्याआधी, म्हणजे संकलन कायमचं ठरण्याआधी, एका बधिर जाणकाराने सबटायटलशिवाय पूर्ण चित्रपट पाहायचा. लॉकनंतर एक शॉट सहा फ्रेमने लांबवायचा म्हटलं तरी पार्श्वसंगीत, ध्वनी, रंगसंस्करण सगळीकडे हात घालावा लागतो. मग निर्माता म्हणतो, राहू द्या, कोणाला कळतंय.

कॅमेऱ्याचंही तसंच. संकेतांची जागा साधारण कंबरेपासून डोक्याच्या थोडं वरपर्यंत आणि दोन्ही कोपरांच्या थोडं बाहेर. हल्लीचे बहुतेक हिंदी चित्रपट आडव्या, लांबट चौकटीत असतात, २.३९ ला १ या प्रमाणात. त्यात चेहरा जरा जवळ आणला की चौकट हनुवटीच्या खाली संपते आणि हात बाहेर राहतात. खांद्यावरून घेतलेल्या शॉटमध्ये पुढच्या माणसाचा खांदा नेमका समोरच्याच्या छातीवर येतो, म्हणजे संकेत होतात त्याच जागी. भारतीय सांकेतिक भाषेतली बोटांची वर्णमाला दोन हातांची आहे. कॅमेरा फार बाजूला गेला की एक हात दुसऱ्याला झाकतो आणि अक्षर वाचता येत नाही. सेकंदाला २४ फ्रेम आणि नेहमीचं शटर ठेवलं की भराभर लिहिलेलं नाव बोटांच्या धुरकट रेषांमध्ये विरतं. अशा ठिकाणी शटर थोडं जलद ठेवायचं किंवा नटाला हळू करायला सांगायचं. आणि एक बारीकशी गोष्ट : दृश्यातली दिशा जुळवायला संकलक कधीकधी शॉट आरशासारखा उलटवतो. बोलणाऱ्या नटाच्या बाबतीत ते खपून जातं. सांकेतिक संवादात उजव्या हाताचा माणूस अचानक डावखुरा होतो.

प्रकाशयोजना तर विचारूच नका. प्रेमप्रसंग म्हटला की मेणबत्त्या, खिडकीतून मागून येणारा प्रकाश, दोन काळ्या आकृत्या. बधिर जोडप्याच्या बाबतीत हा प्रसंग दोघांचीही तोंडं बांधून ठेवल्यासारखा. खऱ्या घरात बधिर माणसं बोलायला बसली की आधी दिवा लावतात. भडक नक्षीच्या साडीवर किंवा हाताच्या रंगाशी जुळणाऱ्या कपड्यांवर संकेत उठून दिसत नाहीत, म्हणून दुभाषी साधे, एकरंगी, त्वचेच्या विरोधी रंगाचे कपडे घालतात. कपडेपट सांभाळणाऱ्याला हे सांगायला एक फोन पुरतो. तो फोन करणारा माणूस नेमलेला असावा लागतो, इतकंच.

आता संवादलेखन. संकेत म्हणजे हिंदी वाक्यातल्या शब्दांची हातवाऱ्यांनी केलेली रांग, असं समजून लिहिलं की नट जे करतो ती भाषा राहत नाही. भारतीय सांकेतिक भाषेला स्वतःचं व्याकरण आहे. काळ दाखवणारा संकेत बहुधा आधी येतो, प्रश्नवाचक शेवटी, नकारही शेवटी आणि सोबत मान हलते. ‘तू कुठे चाललास?’ हे ‘तू – जाणे – कुठे’ असं होतं. ‘मी उद्या पुण्याला जाणार नाही’ हे ‘उद्या – मी – पुणे – जाणे – नाही’. व्याकरणाचा मोठा भाग हातात नसून चेहऱ्यावर असतो. ‘तू जेवलास’ आणि ‘तू जेवलास का’ यांतला फरक वर गेलेल्या भुवया आणि किंचित पुढे आलेली मान सांगते. भुवया हलल्या नाहीत तर प्रश्न हे विधान होतं. (कपाळावर बोटॉक्स टोचून घेतलेल्या नटीला या भाषेत प्रश्न विचारणंच कठीण, पण तो वेगळा लेख.)

दोन-तीन आठवड्यांच्या कार्यशाळेत नट शब्दसंग्रह शिकतो. नवशिका ओळखू येतो तो हातांवरून नाही, चेहऱ्यावरून : हात बरोबर, पण चेहरा नुसतं दुःख किंवा नुसता आनंद दाखवत बसतो आणि व्याकरण बोलतच नाही. आपल्याकडे सांकेतिक भाषेच्या दुभाष्याची पदविका दोन वर्षांची आहे. तेवढा वेळ नटाकडे नसतो हे मान्य. म्हणूनच प्रत्येक सांकेतिक संवाद बधिर भाषांतरकाराकडून समोरून चित्रित करून घ्यायचा, नटाने तो पाहून घोटायचा, आणि शॉटच्या वेळी मॉनिटरसमोर बसलेल्या त्याच भाषांतरकाराला ‘पुन्हा’ म्हणायचा अधिकार असायचा. फाइट मास्टर आणि डान्स मास्टर यांना तो अधिकार हिंदी सिनेमाने कधीच देऊन टाकला आहे. पाय चुकला तर डान्स मास्टर मोठ्यातल्या मोठ्या ताऱ्याला रीटेक द्यायला लावतो. हात चुकला तर तसं म्हणणारा कोणी सेटवर नसतो. शिवाय बोलण्यातली चूक डबिंगमध्ये झाकता येते. हिंदी सिनेमाने कित्येक दशकं अशा चुका झाकल्या. हाताच्या चुकीला डबिंग नाही.

दुभाष्यांचंही गणित आहे. एक दुभाषी सलग वीस ते तीस मिनिटांहून जास्त नीट काम करू शकत नाही, मेंदू थकतो आणि चुका वाढतात. बारा तासांच्या शिफ्टला दोघे लागतात, आळीपाळीने. ‘ॲक्शन’ आणि ‘कट’ ओरडून चालत नाही, त्यासाठी नटाच्या नजरेच्या टप्प्यात हाताची खूण किंवा छोटा दिवा ठरवावा लागतो. शॉटच्या वेळी दुभाष्याने कॅमेऱ्याच्या अगदी जवळ उभं राहायचं, नाहीतर नटाची नजर भलतीकडेच जाते.

या सगळ्याच्या आधी येतं ते पात्र कागदावर उतरवणं, आणि इथे बहुतेक संहिता एका ओळीत आटोपतात : ‘नायक मूकबधिर आहे.’ याने काहीच कळत नाही. जन्मतः ऐकू येत नाही की वयाच्या सहाव्या वर्षी तापानंतर गेलं? पहिल्याला तोंडाने बोलायला शिकणं महाकठीण, दुसरा कदाचित स्वच्छ बोलेलसुद्धा. ऐकू किती येत नाही? २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन्ही कानांची श्रवणहानी ७० डेसिबल असेल तर बधिर आणि ६० ते ७० असेल तर कमी ऐकू येणारा, अशी व्याख्या आहे. या दोघांचं रोजचं जगणं वेगळं. शाळा कोणती? आपल्याकडच्या अनेक शाळांनी वर्षानुवर्षं बोलायला शिकवण्यावर भर दिला आणि वर्गात हात हलवायला मनाई केली. मुलं संकेत शिकली ती वसतिगृहात, मोठ्या मुलांकडून. आणि शाळेचं तोंडच न पाहिलेल्या, गावातल्या एकमेव बधिर मुलाकडे भारतीय सांकेतिक भाषा नसते. त्याच्याकडे घरच्यांनी मिळून तयार केलेल्या शेपन्नास खुणा असतात, ज्या शेजारच्या गावात कळत नाहीत. असा मुलगा शहरात येतो आणि पहिल्याच बधिर मित्राशी झराझरा बोलू लागतो, हे पडद्यावर सर्रास चालतं. चंदगडचा मुलगा रेल्वेतून उतरताच अस्खलित तमिळ बोलू लागला तर आपण हसू. इथे हसत नाही, कारण आपल्याला दोन्ही सारखंच दिसतं.

ओठवाचन ही तर पटकथाकाराची जादूची कांडी. रस्त्यापलीकडच्या, काचेमागच्या, मिशीवाल्या माणसाचं गुपित नायिका ओठांवरून टिपते. प्रत्यक्षात प, फ, ब, भ, म हे सगळे ओठ मिटूनच सुरू होतात आणि बघणाऱ्याला एकसारखे दिसतात. क, ख, ग, घ तर घशाजवळ होतात, बाहेर काहीच दिसत नाही. आरशासमोर आवाज न काढता पापा, बाबा, मामा म्हणून पाहा. तिन्ही शब्दांना ओठांची हालचाल एकच. मुरलेला ओठवाचकही संदर्भावरून अंदाज बांधत जातो, आणि त्यासाठी समोरचा माणूस ओळखीचा, प्रकाशात आणि दोन-तीन हातांच्या अंतरावर लागतो.

आवाजाचाही विचार असाच उरकला जातो. पात्र बधिर, म्हणून ध्वनिपट्टीवर शांतता. बधिर माणसं शांत नसतात. ती मोठ्याने हसतात, टाळी वाजवतात, लक्ष वेधायला जमिनीवर पाय आपटतात, टेबल थोपटतात. बधिर जोडप्याच्या स्वयंपाकघरात भांडी जास्त आदळतात, कारण आदळण्याचा त्रास तिथे कोणाला होत नाही. आणि त्यांच्या कानांत अगदी निर्वात शांतता असतेच असं नाही. अनेकांना थोडंफार ऐकू येतं, श्रवणयंत्र बोलण्याबरोबर आसपासचा गोंगाटही मोठा करतं. कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे शस्त्रक्रियेने कानात बसवलेलं यंत्र, चालू करताच नायिकेला आईची हाक कळते आणि डोळे भरून येतात, हेही खोटं. ज्याने कधी ऐकलेलंच नाही त्याला सुरुवातीला नुसते आवाज मिळतात, त्यांचा अर्थ लावायला महिनोन्‌महिने, बहुधा वर्षं थेरपी लागते. शिवाय मोबाइलवरचे व्हिडिओ कॉल स्वस्त झाल्यापासून बधिरांचं जगणंच बदललं. भाजी घेताना, लोकलच्या फलाटावर, मोबाइल समोर धरून एका हाताने बोलणारी माणसं मुंबईत रोज दिसतात. २०२०नंतरच्या काळात घडणाऱ्या चित्रपटातला बधिर तरुण अजून गळ्यात पाटी घेऊन फिरत असेल, तर लेखक वीस वर्षांत कोणा बधिराला भेटलेला नाही.

मग जुन्या चित्रपटांचं काय करायचं? मोडीत काढायचे? मुळीच नाही. गुलज़ार यांचा ‘कोशिश’ १९७२चा. त्या वेळी भारतीय सांकेतिक भाषेचं साधं शब्दकोशाचं कामही व्हायचं होतं. मुंबईच्या वांद्र्यातल्या अलीयावर जंग या कर्णबधिरांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेत तिचे औपचारिक वर्ग सुरू झाले ते २००१ मध्ये, दिल्लीतलं संशोधन व प्रशिक्षण केंद्र २०१५ मध्ये. संजीव कुमार आणि जया भादुरी यांनी जे केलं ते निरीक्षणावर आणि मूकाभिनयावर केलं, आणि त्यांचे बरेचसे हावभाव ऐकणाऱ्यालाही उमगतील असे आहेत. पण त्या चित्रपटाने एक धाडस केलं जे नंतरच्या बहुतेकांनी टाळलं : दोन बधिर माणसांना, मध्ये कोणी दुभाषी न ठेवता, एका घरात एकमेकांसमोर बसवलं. बाळाला ऐकू येतं का ते पाहायला दोघं खुळखुळा वाजवतात, बाळ वळून पाहत नाही, घाबरून डॉक्टरकडे धावतात, आणि कळतं की खुळखुळ्यात मणीच नाहीत. हा प्रसंग फक्त बधिर आईबापांच्याच घरात घडू शकतो. त्यात कणव मागितलेली नाही; परिस्थितीच्या आतून आलेली भीती आहे आणि तिच्यातूनच आलेलं हसू. संजीव कुमार यांना अभिनयाचा आणि गुलज़ार यांना पटकथेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मला विचाराल तर दुसरा जास्त योग्य होता.

त्यानंतर मात्र हिंदी सिनेमाने बधिर पात्राशेजारी एक ऐकणारं तोंड कायमचं बसवून टाकलं. ‘खामोशी’त ॲनी, ‘इक्बाल’मध्ये (२००५) धाकटी बहीण खदिजा, ‘बर्लिन’मध्ये (२०२४) पोटार्थी दुभाषी पुश्किन. यांतला ‘बर्लिन’ निदान या व्यवस्थेकडेच कथेचा विषय म्हणून पाहतो : १९९३ची दिल्ली, हेरगिरीच्या संशयावरून पकडलेला बधिर तरुण, आणि त्याचं म्हणणं गुप्तचर खात्यापर्यंत नेणारा एकच माणूस. भाषांतर करणाऱ्याच्या हातात किती सत्ता असते हे त्यात दिसतं. इतर ठिकाणी दुभाषी ही निव्वळ सोय आहे. बधिर पात्र हात हलवतं, शेजारचा मोठ्याने म्हणतो, ‘क्या? तुम कहना चाहते हो कि…’ आणि संवाद पूर्ण. परिणाम असा की बधिर पात्र प्रेक्षकाशी थेट कधी बोलतच नाही. ‘बर्फी’ने (२०१२) भाषाच वगळली आणि मूकपटांची जुनी शैली उचलली; चित्र देखणं झालं, पण तो बहिरेपणाबद्दलचा चित्रपट नाही, शब्दांविना सिनेमा करण्याच्या हौसेचा चित्रपट आहे. त्यात गैर काही नाही, फक्त त्याला बधिरांचं चित्रण म्हणू नये.

सबटायटल वापरली की हे तोंड लागत नाही. तरी ती का टाळतात? हिंदी प्रेक्षक वाचत नाही, हे ठरीव उत्तर. हाच प्रेक्षक ओटीटीवर कोरियन मालिका रात्रभर वाचत बसतो.

आता भूमिका कोणाला, या प्रश्नाकडे. अभिनय म्हणजे जे नाही ते होणं, हा युक्तिवाद खरा आहे, पण तो एकाच दिशेने चालवला जातो. ऐकणारा नट बधिर होऊ शकतो, तर बधिर नटाला ऐकणाऱ्याची भूमिका का मिळत नाही? तमिळ सिनेमाने ती दिली. अभिनया ही बधिर अभिनेत्री २००९च्या ‘नाडोडिगल’पासून दक्षिणेतल्या चित्रपटांत बोलणाऱ्या, ऐकणाऱ्या बायका साकारत आली आहे, आवाज दुसरीचा, डबिंगची सोय तर आपल्याकडे पिढ्यानपिढ्या आहेच. तेव्हा ‘असे कलावंत मिळत नाहीत’ हे शोधलंच नाही याचं दुसरं नाव. ताऱ्याशिवाय पैसा उभा राहत नाही, ही अडचण खरी. तिथेही वाट आहे. तारा ऐकणाऱ्या पात्रात ठेवा. कथा तशीही दोन्ही जगांमधली असते. २०२५ मध्ये ‘सितारे ज़मीन पर’ने नेमकं हेच केलं : आमिर खान प्रशिक्षक, आणि संघातले दहाही खेळाडू बौद्धिक वा मज्जाविकासात्मक वेगळेपण असलेले नवे कलावंत. प्रेक्षक आले.

आणि तरीही, निवड करायचीच झाली, एकीकडे बधिर नट पण भाषा न कळणारा दिग्दर्शक-संकलक, आणि दुसरीकडे ऐकणारा नट पण कागदापासून लॉकपर्यंत बधिर जाणकाराचा अधिकार, तर मी दुसरा चित्रपट पसंत करेन. त्यात निदान वाक्यं पूर्ण असतील. अर्थात अधिकार दिलेला जाणकार पहिल्याच बैठकीत बधिर नट मागणार, हेही उघड आहे.

न्यायालयाने या बाबतीत सिनेमावाल्यांपेक्षा जास्त विचार केला आहे. ‘आंख मिचोली’ या हिंदी चित्रपटात बधिर पात्राला ‘साउंडप्रूफ सिस्टिम’ म्हणून हिणवलं गेलं, तोतऱ्याला ‘अटकी हुई कॅसेट’. त्याविरुद्ध निपुण मल्होत्रा यांनी केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ८ जुलै २०२४ रोजी निकाल दिला. चित्रपटात हस्तक्षेप केला नाही, पण चित्रणासाठी सूत्रं घालून दिली : समज वाढवणारा विनोद आणि माणसाला खाली ढकलणारा विनोद यांत फरक करा, अचूक माहिती घ्या, अपंग माणसाला थट्टेचा विषय किंवा अतिमानव करू नका, आणि निर्णयात त्यांना सामील करा. ही सूत्रं चांगली आहेत. पण ती शब्दांपुरती राहिली तर निर्माता संहितेतून चार शिव्या काढेल आणि हात पूर्वीसारखेच कापेल.

उरला शेवटचा टप्पा, थिएटर. बधिरांवरचा चित्रपट बधिरांनाच पाहता येत नाही, हा आपल्याकडचा नेहमीचा प्रकार, कारण त्यातले ऐकणारे लोक हिंदीत बोलतात आणि खाली काही लिहिलेलं नसतं. २०१६च्या कायद्याच्या कलम ४२ने सुलभ स्वरूपातल्या आशयाची, त्यात कॅप्शनचीही, जबाबदारी सरकारवर टाकली. जानेवारी २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ‘पठाण’च्या ओटीटी आवृत्तीसाठी कॅप्शन आणि दृष्टिहीनांसाठी श्राव्य वर्णन द्यायला सांगितलं. मार्च २०२४ मध्ये केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने थिएटरमधल्या चित्रपटांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली : एकाहून जास्त भाषांत प्रमाणपत्र घेणाऱ्या चित्रपटांना सहा महिने, बाकीच्यांना दोन वर्षं मुदत.

तांत्रिक अडचण नावाची गोष्ट इथे जवळपास नाही. थिएटरला चित्रपट जातो तो डीसीपी या डिजिटल संचाच्या रूपात. त्यात सबटायटलचा धागा चित्रापासून वेगळा ठेवता येतो आणि त्यासह चालणारी यादी निवडली की कॅप्शन पडद्यावर येतात. पुण्या-मुंबईच्या मल्टिप्लेक्समध्ये मराठी चित्रपट इंग्रजी सबटायटलसह सर्रास लागतात. यंत्र तेच, चालवणाराही तोच. खुर्चीला लावायचा छोटा पडदा, चष्मा किंवा फोनवरचं ॲप असेही पर्याय आहेत, पण छोट्या पडद्यामुळे डोळे सतत जवळ-लांब करावे लागतात, चष्मा जड आणि चार्ज नसलेला, ॲप मध्येच चित्रापासून निसटतं. उघडे, म्हणजे पडद्यावरच सगळ्यांना दिसणारे, कॅप्शन सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात भरवशाचे.

मात्र कॅप्शन म्हणजे नुसतं इंग्रजी भाषांतर नव्हे. सातारच्या बधिर शाळेतून मराठीत शिकलेल्या मुलीला इंग्रजी सबटायटल ही तिसरी-चौथी भाषा. हिंदी चित्रपटाला देवनागरी हिंदी कॅप्शन हवेत, मराठीला मराठी. कोण बोलतं, दार वाजलं, फोन वाजला, मागे कुठलं गाणं लागलं आहे, हेही लिहायचं. दोन ओळींपेक्षा जास्त नको. आणि सांकेतिक संवाद चालू असताना मजकूर चौकटीच्या तळाशी हातांवर बसत असेल तर तो वर हलवायचा. हे काम यंत्रावर सोडलं की हमखास हातांवरच बसतो.

नियम पाळल्याचं दाखवायला सोपी वाट थिएटरवाल्यांना ठाऊक असते : आठवड्यातून एक कॅप्शनचा खेळ, मंगळवारी सकाळी अकराचा. त्याला चार माणसं आली की नोंद होते, ‘मागणी नाही’. बधिर माणसंही मंगळवारी सकाळी अकराला कामावर असतात. तो खेळ शनिवारी संध्याकाळी लावा, तिकीट विकणाऱ्या ॲपवर ‘कॅप्शनसह’ ही खूण खेळाच्या वेळेशेजारी दिसू द्या, पहिल्याच आठवड्यात लावा, तिसऱ्या नव्हे, आणि मग आकडे मोजा.